उत्खनित अवशेषांचे निरीक्षण आणि प्रकाशवाहकाची निवड : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
इतिहासाच्या साधनांची चर्चा पुष्कळ होते. ती साधने ज्या उजेडात पाहिली जातात, त्या उजेडाची क्वचितच होते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांच्या या कार्यातून इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती प्रकाशात आली. दौंड तालुक्यातील वाळकी हे स्थळही याच संस्कृतीचे. या लोकांनी लिखित असे काही मागे ठेवले नाही. जळालेले धान्य, खापरे आणि मृतांचे दात हीच त्यांची बखर होय. ती वाचताना प्रकाशवाहक कसा निवडावा, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश वळतो, हे डॅनियल कोलाडॉन यांनी १८४० च्या दशकाच्या प्रारंभी आणि जॉन टिंडल यांनी १८५४ मध्ये दाखविले. मोगा (पंजाब) येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी व्हॅन हील यांनी तंतूला आवरण देण्याची कल्पना मांडली. प्रतिमेसाठी तंतूंचा क्रम दोन्ही टोकांस सारखाच असावा लागतो. केवळ उजेडासाठी ते बंधन नसते. म्हणूनच प्रकाशवाहक तुलनेने स्वस्त झाले आणि प्रयोगशाळांपर्यंत पोहोचले.

निवडीचे निकष
जळालेला दाणा काळा असतो. तो बहुतेक प्रकाश शोषून घेतो. सातू की गहू, हे ठरविताना दाण्याची खाच व पृष्ठभागाची ठेवण पाहावी लागते. इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी केला. बालपणातील उपासमार वा आजार यांमुळे दातांच्या लुकणावर उथळ खुणा उरतात. समोरून पडलेल्या प्रखर प्रकाशात अशा खुणा पुसट होतात. तिरप्या प्रकाशात त्यांची सावली पडते. यास्तव प्रखरतेपेक्षा दिशा महत्त्वाची ठरते.

पूर्णतः लवचीक नळी हाताने धरावी लागते, ताठ नळी वळत नाही. धातूच्या वेटोळ्या आवरणातील अर्धताठ नळी मात्र वळवावी तशी राहते व दोन्ही हात मोकळे ठेवते. तिची लांबी गरजेपुरतीच असावी. लांब नळी स्वतःच्या भाराने झुकते. जाडी वाढल्यास प्रकाश वाढतो, परंतु वळण कमी होते. मर्यादेपेक्षा अधिक वाकविल्यास तंतू तुटतात. एका टोकाला उजेड धरून दुसरे टोक पाहिल्यास तुटलेले तंतू काळे ठिपके म्हणून दिसतात. खरेदीपूर्वी ही परीक्षा अवश्य करावी. हॅलोजन दिव्याबरोबर काचतंतू व उष्णतारोधक गाळणी हवी. एलईडी दिव्याबरोबर प्लास्टिकचे तंतूही चालू शकतात. दोन भुजांची नळी घेतल्यास एक तिरपा प्रकाश देते, दुसरी गडद सावली सौम्य करते.

निष्कर्ष
एकाच दाताविषयी दोन अभ्यासकांत मतभेद झाल्यास तो मताचा आहे की उजेडाचा, हे आधी तपासावे लागेल. म्हणून प्रकाशाचा कोन व स्रोत यांची नोंद निरीक्षणाबरोबरच ठेवली पाहिजे. ज्या बालकाच्या उपासमारीची साक्ष केवळ एका उथळ रेषेत उरली आहे, त्याच्या बाबतीत चुकीचा उजेड म्हणजे साक्षच नाकारणे होय.