बालविकासाचा विद्यापीठप्रवेश

अमेरिकेत बालविकास हा विषय विद्यापीठात शिरला, तो बऱ्याच अंशी शेतकीचे बोट धरून. आयोवा राज्यातील कोरा बसी हिलिस या गृहिणीची पाचांपैकी तीन मुले दगावली होती. मक्याचे वाण आणि डुकरांची पैदास सुधारण्यासाठी सरकार संशोधन करते, मग मुलांसाठी का नाही, हा तिचा सवाल होता. शेतकऱ्यांच्या राज्यात तो बिनतोड ठरला. वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर १९१७ मध्ये विधिमंडळाने वर्षाला २५,००० डॉलर मंजूर केले आणि आयोवा विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र उभे राहिले.

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात हा विषय गृहअर्थशास्त्रात आला. तो विभागही मुळात शेतकी महाविद्यालयातलाच. १९१९ पासून तिथल्या विद्यार्थिनींना संसाराचे धडे देण्यासाठी सरावघरात खरे तान्हे मूल ठेवले जाई. अनाथ मुलांच्या संस्थांकडून आणलेले हे बाळ साधारण वर्षभर राही आणि मग दत्तक जाई. पहिल्या बाळाचे नाव डिकी डोमेकॉन; आडनाव ‘डोमेस्टिक इकॉनॉमी’चे लघुरूप. वजन, आहार, झोप यांची चोख नोंद होई. शास्त्रशुद्ध वाढवलेली ही मुले दत्तक घेणाऱ्यांना हवीहवीशी वाटत. विद्यार्थिनी मात्र पाळीपाळीने आई होत. एकाच बाळाला इतक्या आया असण्यात काही खटकण्याजोगे आहे, असे त्या काळच्या शास्त्राला वाटत नव्हते.

या समजाला उत्तर मिळाले ते आयोवातून, तेही अनपेक्षित ठिकाणाहून. १९३० च्या दशकात हॅरल्ड स्कील्स या मानसशास्त्रज्ञाने अनाथाश्रमातल्या, वाढ खुंटलेल्या दोन मुली मतिमंद ठरवलेल्यांच्या संस्थेत, स्त्रियांच्या विभागात पाठवल्या. काही महिन्यांनी पाहिले तर दोघी टवटवीत, बोलक्या, बुद्धीनेही जवळजवळ सर्वसाधारण. तिथल्या स्त्रियांनी त्यांना लळा लावला होता. मग आणखी मुले पाठवून एकूण १३ जणांची तुलना अनाथाश्रमातच राहिलेल्या १२ जणांशी केली. पहिल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी २७.५ ने वाढला, दुसऱ्याचा २६.२ ने घसरला. बुद्धी जन्मजातच ठरते असे मानणाऱ्या लुईस टर्मनसारख्या मातब्बर मानसशास्त्रज्ञांनी या निष्कर्षांची खिल्ली उडवली. १९६६ मध्ये स्कील्सने त्याच मुलांची प्रौढपणीची स्थिती प्रसिद्ध केली: पहिल्या गटातले तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते. मोजमापात कॉर्नेलचे सरावघर उजवे होते, पण बालविकासाला कौटुंबिक नात्यांपासून तोडता येत नाही हे दाखवले ते ज्यांना कोणीही आई म्हणून निवडले नसते अशा या बायकांनी.

१९५१ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा मातृसंगोपनावरील अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला आणि एका स्थिर जिव्हाळ्याची गरज सर्वमान्य होऊ लागली. १९५४ च्या सुमारास कॉर्नेलने सरावघरात बाळे आणणे थांबवले. १९६९ मध्ये सरावघरेही अभ्यासक्रमातून गेली.

भारतात हा विषय गृहविज्ञानाच्या छत्राखाली रुजला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या कारकिर्दीत, १९५० मध्ये, गृहविज्ञान शाखा सुरू झाली. तिथल्या बालविकास विभागाला पुढे मानव विकास आणि कुटुंब अभ्यास असे नाव मिळाले. विद्यार्थ्यांच्या निरीक्षणासाठी विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे. तिथे येणारी मुले आपापल्या घरात वाढतात.