खानेसुमारींतील जन्मस्थळाचा रकाना

देशांत माणसें किती आहेत हें मोजणें कष्टाचें असलें तरी त्याची रीति सरळ आहे. घरोघर गणक पाठवावे, माणशी एक नोंद करावी आणि बेरीज घ्यावी. परंतु त्याच माणसांपैकीं कितीजण आपला गांव सोडून दुसरीकडे राहावयास गेले, असा प्रश्न केला कीं ही रीति अपुरी पडते. जन्म आणि मृत्यु या माणशी एकदांच घडणाऱ्या गोष्टी आहेत. स्थलांतर मात्र एकाच मनुष्याच्या आयुष्यांत दहा वेळां घडेल. तो केव्हां गेला, कोठून गेला, किती दिवसांकरितां गेला आणि परत आला कीं नाहीं, हें सर्व गणकाच्या एका भेटींत कळावें कसें? या अडचणीवर खानेसुमारीनें जी तोड काढली, तिचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण त्यांतून निघणारा बोध केवळ आंकडेशास्त्रापुरता नाहीं.

तोड अगदीं साधी होती. ‘तुमचा जन्म कोठें झाला?’ एवढेंच विचारावयाचें, आणि जन्माचें ठिकाण व गणतीचें ठिकाण निराळें निघालें कीं तो मनुष्य स्थलांतरित समजावयाचा. ग्रेट ब्रिटनच्या १८४१ च्या खानेसुमारींत मनुष्य राहत्या परगण्यांतच जन्मला कीं बाहेर, एवढी चौकशी झाली. १८५१ पासून जन्मगांवहि लिहूं लागले. पुढें १८८१ च्या ब्रिटिश आंकड्यांचा आधार घेऊन रॅव्हेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञानें १८८५ सालीं स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसें जवळच्या जवळच हलतात. प्रत्येक ओघाबरोबर उलट दिशेचाहि एक ओघ असतो. आणि थोड्या अंतराच्या स्थलांतरांत पुरुषांपेक्षां स्त्रियाच अधिक असतात, असें त्यानें दाखविलें. हा विद्वान् स्वतः जर्मनींत जन्मून लंडनांत स्थायिक झालेला होता, हाहि एक योगायोगच.

आपल्याकडे १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं बहुतेक देशभर एकाच वेळीं जी पहिली खानेसुमारी झाली, तींत हा रकाना होता. त्यानें मुंबई शहराचें खरें रूप उघडें केलें. शहराची वस्ती ७,७३,१९६ भरली. पण मुंबईंतच जन्मलेले लोक शंभरांत अवघे अठ्ठावीसच्या सुमारास निघाले. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले सव्वा लाखाच्या घरांत होते. म्हणजे दर सहा मुंबईकरांत एक रत्नागिरीकडचा. १९२१ पर्यंत मुंबईंत जन्मलेल्यांचें प्रमाण शंभरीं सोळांवर उतरलें. गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या ज्यांच्या हातांनीं चालत होत्या, त्यांतील बहुसंख्य माणसें दुसऱ्याच मातींत वाढलेलीं होतीं, ही गोष्ट एका रकान्यानें सिद्ध केली.

तथापि या रकान्यास जें दिसत नव्हतें, तेंहि थोडें नव्हतें. आपल्यांत पहिलटकरणीनें बाळंतपणास माहेरीं जावें अशी चाल आहे. मूल आजोळीं जन्मतें आणि दोन-तीन महिन्यांनीं आईच्या मांडीवर बसून वडिलांच्या गांवीं येतें. पुढें तें जन्मभर त्या गांवाबाहेर न पडलें तरी रकान्याच्या हिशेबीं तें स्थलांतरितच. उलट, चाळीस वर्षें गिरणींत काढून म्हातारपणीं गांवीं परतलेला चाकरमानी जेथें जन्मला तेथेंच मोजला जातो. त्याच्या चाळीस वर्षांचा मागमूसहि कागदावर उरत नाहीं. सासरीं नांदावयास आलेली सून आणि पोटासाठीं दोनशें मैलांवर गेलेला मजूर यांस एकच नांव मिळतें, हा आणखी एक घोटाळा. १९११ च्या अहवालांत खानेसुमारीचे मुख्य अधिकारी ई. ए. गेट यांनीं स्थलांतराचे प्रासंगिक, तात्पुरतें, नियतकालिक, अर्धस्थायी व स्थायी असे पांच प्रकार सांगितले, त्यांचा उगम याच घोटाळ्यांत आहे. शेजारच्या गांवीं लग्न होऊन गेलेल्या मुलींचें जाणें त्यांनीं पहिल्या प्रकारांत घातलें.

शिवाय १९३१ पर्यंतची गणती एका ठराविक रात्रीची असे. ती रात्र फेब्रुवारी-मार्चांत येई, आणि कोंकणच्या माणसाचें पाऊल तर शिमग्याला गांवाकडे वळतें. १८९६ सालीं प्लेग उद्भवल्यानंतर मुंबई सोडून पळण्याची जी रीघ लागली, तिचा परिणाम १९०१ च्या गणतींत स्पष्ट दिसतो. १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ सालीं ७,७६,००६ वर आली. १९०६ सालीं शहरापुरती निराळी गणती केली तेव्हां ती ९,७७,८२२ भरली. पांच वर्षांत दोन लाख मुंबईकर कोठून आले? मेलेल्यांची उणीव नवीन आलेल्यांनीं भरून काढली, हें खरें. पण त्यांपैकीं पुष्कळजण तर परत आलेलेच होते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न हळूहळू सुधारले. १९६१ सालीं जन्मस्थळ खेड्यांतलें कीं शहरांतलें, आणि गणतीच्या गांवीं किती काळ राहणें झालें, हें विचारलें गेलें. १९७१ सालीं मागील वास्तव्याचें ठिकाण आलें, तेव्हां गांवीं परतलेला गिरणीकामगार प्रथमच कागदावर उमटला. १९८१ सालीं स्थलांतराचें कारण विचारूं लागले, तेव्हां सून आणि मजूर हीं निराळीं ओळखूं आलीं. २०११ च्या गणतींत मागील वास्तव्यावरून सुमारें ४५ कोटी लोक स्थलांतरित ठरले. त्यांत सुमारें दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकीं बहुतेकींनीं विवाह हेंच कारण सांगितलें. त्याच वर्षीं रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. गांवाबाहेर गेलेल्या पुरुषांची रिकामी जागा या आंकड्यांत उभी आहे.

आतां परदेशगमनाकडे वळूं. येथें मनुष्य जागचा न हलतां सीमाच हलूं शकते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांत होता. कराचींत जन्मून मुंबईस राहिलेला मनुष्य १९३१ च्या गणतींत आपल्याच इलाख्यांत जन्मलेला होता. १९५१ च्या गणतींत तोच, त्याच घरांत राहून, परदेशांत जन्मलेला ठरला. म्हणूनच १९५१ सालीं फाळणीनें निर्वासित झालेल्यांची नोंद स्वतंत्र प्रश्न विचारून घ्यावी लागली. भारतांत ते सुमारें ७३ लाख भरले, पाकिस्तानांत सुमारें ७२ लाख. जे वाटेंतच मेले, ते कोणत्याच बाजूच्या बेरजेंत आले नाहींत. आणि जे देश सोडून कायमचे गेले, त्यांची गणती मूळ देशास करतांच येत नाहीं. ती ज्या देशानें त्यांस घेतलें त्याच्या कागदांत शोधावी लागते. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची संख्या आपल्या खानेसुमारींत सांपडणार नाहीं, ती याचमुळें.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. धान्याचें दुकान, शाळेंतील जागा, मतदानाचा हक्क, या सर्व गोष्टी माणूस जेथें मोजला जातो तेथें जातात. ऊसतोडणीस दरसाल सहा-सहा महिने जाणारीं कुटुंबें दहा वर्षांनीं येणाऱ्या गणतींत नीट बसत नाहींत, आणि त्यांच्या मुलांची शाळाहि त्याच फटींत हरवते. २०२० च्या टाळेबंदींत मजूर रस्त्यांवरून चालत निघाले, तेव्हां शहरांत असे किती लोक आहेत याचा भरंवशाचा आंकडा कोणत्याच सरकारपाशीं नव्हता. एक कोटीहून अधिक लोक आपापल्या राज्यांत परतले, असें त्याच वर्षीं मागाहून संसदेंत सांगण्यांत आलें. त्यानंतरची २०२१ ची गणती ठरल्या वेळीं झाली नाहीं. पुढची संदर्भतिथि १ मार्च २०२७ अशी जाहीर करण्यांत आली. गणक दारीं येईल तेव्हां ‘पूर्वी कोठें राहत होतां?’ हा प्रश्न फिजूल समजून घाईनें उत्तर देऊं नये. आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई किंवा दारावरचा पहारेकरी यांच्याकडेहि तो प्रश्न पोंचला कीं नाहीं, हें पाहणें सुशिक्षित कुटुंबास अवघड नाहीं.