शस्त्रखरेदी नकार सूचना कायदा (अमेरिका)

शस्त्रखरेदी नकार सूचना कायदा हा अमेरिकेचा संघीय कायदा आहे. बंदूक विकत घेण्यास अपात्र ठरलेल्या व्यक्तीची माहिती २४ तासांच्या आत राज्याच्या किंवा स्थानिक पोलिसांना कळवण्याचे बंधन या कायद्याने संघीय सरकारवर घातले. राष्ट्राध्यक्ष ज्यो बायडेन यांनी १५ मार्च २०२२ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. तो १ ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आला.

पार्श्वभूमी

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या, न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्या अथवा कौटुंबिक हिंसाचाराबद्दल शिक्षा झालेल्या व्यक्तींना अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानुसार ग्राहकाची पूर्वतपासणी करण्यासाठी नोव्हेंबर १९९८ मध्ये राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली. एफबीआय ती चालवते. परवानाधारक दुकानदार ग्राहकाकडून अर्ज भरून घेतो आणि यंत्रणेकडे विचारणा करतो. ग्राहक अपात्र असल्यास विक्री नाकारली जाते.

अर्जात हेतुपुरस्सर खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. तथापि नकारानंतर कारवाई क्वचितच होत असे. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार, २०१७ या आर्थिक वर्षात एफबीआयने सुमारे १,१२,००० नकार दिले. त्यांपैकी सुमारे १२,७०० प्रकरणे पुढील तपासासाठी पाठवण्यात आली, आणि जून २०१८ पर्यंत केवळ १२ प्रकरणांत खटले भरले गेले. अनेक राज्यांत स्थानिक पोलिसांना अशा नकाराची वार्ताही नसे.

तरतुदी

सूचनेत संबंधित व्यक्तीची ओळख, नकाराचे कायदेशीर कारण, दिनांक, वेळ व खरेदीचे ठिकाण नमूद करावे लागते. खरेदीचे ठिकाण आणि ग्राहकाचे निवासस्थान भिन्न असल्यास दोन्हीकडील पोलिसांना ती पाठवली जाते. चालू तपासास बाधा येणार असेल, तर सूचना लांबणीवर टाकता येते. नामसाधर्म्यासारख्या कारणाने नकार चुकीचा ठरल्यास तसे पोलिसांना कळवणे आवश्यक असते. या प्रकरणांचा वार्षिक अहवाल संसदेस सादर करावा लागतो.

महत्त्व व मर्यादा

कौटुंबिक हिंसाचार करणारी व्यक्ती शस्त्राच्या शोधात असल्याचे पोलिसांना वेळीच कळले, तर पीडितेच्या संरक्षणाची व्यवस्था करता येते. म्हणूनच महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याच्या नूतनीकरणाबरोबर ही तरतूद संमत झाली. मात्र सूचना मिळाल्यावर तपास केलाच पाहिजे, असे बंधन हा कायदा पोलिसांवर घालत नाही. शिवाय अनेक राज्यांत खासगी व्यक्तींमधील विक्रीस पूर्वतपासणी लागू नाही. टेक्सासमधील ओडेसा परिसरात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सात जणांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोरास २०१४ मध्ये पूर्वतपासणीत नकार मिळाला होता. पुढे त्याने खासगी विक्रेत्याकडून बंदूक मिळवली. दुकानात मिळालेला नकार पोलिसांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था या कायद्याने केली. दुकानाबाहेरील विक्री मात्र त्याच्या कक्षेत येत नाही.