चेता आवेग

चेता आवेग म्हणजे चेतापेशीच्या पटलावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाणारा क्षणिक विद्युत-रासायनिक बदल होय. प्राण्यांच्या शरीरात संवेदनांची वार्ता मेंदूपर्यंत आणि मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत या आवेगांच्या रूपानेच पोहोचते. आवेगाची तुलना नेहमी तारेतून वाहणाऱ्या विजेशी केली जाते. मात्र ती दिशाभूल करणारी आहे. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीच्या दिशेने वाहतात. चेतापेशीत आयन पटलाच्या आत-बाहेर, म्हणजे आवेगाच्या वाटेला आडवे, ये-जा करतात आणि आवेग पुढच्या भागात नव्याने निर्माण होत जातो. म्हणूनच मीटरभर लांबीच्या अक्षतंतूच्या शेवटीही तो क्षीण झालेला नसतो.

चेतासंस्थेची रचना

चेतापेशीचे पेशीकाय, वृक्षिका आणि अक्षतंतू असे तीन भाग असतात. वृक्षिका संदेश ग्रहण करतात, तर अक्षतंतू तो पुढे नेतो. या पेशींची मांडणी प्राण्यागणिक बदलते. जेलीफिशमध्ये मेंदू नसून शरीरभर पसरलेले चेताजाल असते. गांडुळात व कीटकांत चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो आणि त्यावर ठिकठिकाणी चेतागुच्छिका असतात. पृष्ठवंशीय प्राण्यांत मेंदू व मेरुरज्जू मिळून केंद्रीय चेतासंस्था बनते. तिच्यापासून निघणाऱ्या चेतांची परिघीय चेतासंस्था होते. ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ या सूक्ष्म सूत्रकृमीच्या उभयलिंगी प्राण्यात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात, तर मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. आवेगामागील मूलभूत तत्त्व मात्र दोन्हींत एकच आहे.

आवेगाची निर्मिती

विश्रांत अवस्थेत चेतापेशीचा आतील भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलीव्होल्टने ऋणभारित असतो. पेशीबाहेर सोडिअम आयन जास्त आणि आत पोटॅशिअम आयन जास्त असतात. पटलातील प्रथिनांचा पंप दर फेरीला तीन सोडिअम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशिअम आयन आत घेतो व हा फरक टिकवतो. या कामासाठी पेशीला सतत ऊर्जा खर्चावी लागते.

उद्दीपनामुळे हा विभव सुमारे उणे ५५ मिलीव्होल्टपर्यंत आला की सोडिअमचे आयनमार्ग एकदम उघडतात. सोडिअम आत शिरतो आणि क्षणभर आतील बाजू धनभारित होते. पाठोपाठ सोडिअमचे मार्ग बंद होतात, पोटॅशिअमचे उघडतात आणि पोटॅशिअम बाहेर पडल्याने पूर्वस्थिती येते. हे सारे एक-दोन मिलीसेकंदांत घडते. उद्दीपन अपुरे असेल तर आवेग निर्माण होत नाही. पुरेसे असेल तर पूर्ण तीव्रतेचाच होतो. अर्धा आवेग अशी गोष्ट नसते. मग हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतील फरक कसा कळतो? दाब वाढला की आवेगाची उंची वाढत नाही, दर सेकंदाला निघणाऱ्या आवेगांची संख्या वाढते. नुकत्याच उद्दीपित झालेल्या भागातील सोडिअममार्ग काही काळ पुन्हा उघडू शकत नाहीत. त्यामुळे आवेग मागे न फिरता पुढेच जातो.

हे ज्ञान मुख्यतः माकूळ या समुद्री प्राण्यामुळे मिळाले. कोकण किनाऱ्यावर माकूळ खाण्यातला म्हणून परिचित आहे. शरीरक्रियाशास्त्रात त्याचे महत्त्व त्याच्या महाकाय अक्षतंतूमुळे आहे. हा तंतू जवळपास एक मिलीमीटर जाडीचा असू शकतो, त्यामुळे त्याच्या आत विद्युतअग्र घालता येते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ मध्ये त्यातून आवेगाची थेट नोंद घेतली. महायुद्धामुळे खंडित झालेले काम पूर्ण करून १९५२ मध्ये त्यांनी आयनप्रवाहांचे गणिती समीकरणांत वर्णन केले. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन एकल्स यांच्यासह मिळाले.

वेग

आवेगाचा वेग मोजता येणार नाही, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानले जाई. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या चेतेवर प्रयोग करून तो मोजला. तो सेकंदाला काही दशक मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षाही कितीतरी कमी निघाला. वेग वाढवण्याचे दोन मार्ग प्राण्यांत दिसतात. माकूळाने तंतू जाड केला. पृष्ठवंशीय प्राण्यांत तंतूभोवती मायलिनचे स्निग्ध वेष्टन असते व त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात. आवेग फटीतून फटीत उड्या घेत जातो. असे जाड तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत वेग गाठतात, तर मायलिनविरहित बारीक तंतूंत तो ०.५ ते २ मीटर असतो. ठेच लागल्यावर आधी झणका आणि मग रेंगाळणारा ठणका जाणवतो, तो या वेगवेगळ्या तंतूंमुळे.

संपर्कस्थान आणि विषे

दोन चेतापेशींच्या दरम्यान बहुधा २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. आवेग तेथे पोहोचला की कॅल्शिअम आत शिरतो, चेतापारेषक रसायन फटीत सोडले जाते आणि ते पलीकडच्या ग्राहींना चिकटते. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडून हे रासायनिक वहन सिद्ध केले.

चेता व स्नायू यांच्यातील अशाच सांध्यावर ॲसिटिलकोलीन हे पारेषक असते आणि अनेक विषे नेमका येथेच घाला घालतात. नागाच्या विषातील घटक स्नायूवरील ग्राही अडवतात. मण्याराच्या विषातील काही घटक चेतेच्या टोकालाच इजा करतात. ते टोक पूर्ववत होण्यास वेळ लागतो, म्हणून प्रतिसर्पविष देऊनही रुग्णाला अनेक दिवस कृत्रिम श्वसनाची गरज पडू शकते. मण्यार चावल्याची जागा फारशी सुजत वा दुखत नाही. पापण्या जड होणे हे पुष्कळदा पहिले लक्षण असते आणि मृत्यू श्वसनाचे स्नायू निकामी झाल्याने येतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके उलट दिशेने काम करतात. काम संपलेल्या ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर ती बंद पाडतात, त्यामुळे उद्दीपन थांबतच नाही. लाळ व घाम सुटणे, बाहुल्या आकुंचित होणे, स्नायू फडफडणे आणि पुढे श्वसन बंद पडणे ही विषबाधेची लक्षणे होत. हे विष त्वचेतूनही शरीरात शिरते. त्यामुळे फवारणीनंतर भिजलेले कपडे तत्काळ काढून अंग साबणाने धुणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. रुग्णालयात ॲट्रोपिन दिले जाते.