कोडची वंशावळ
पंच-कार्डांच्या काळात प्रोग्राम म्हणजे कार्डांचा गठ्ठा असे, एका कार्डावर एक ओळ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० यंत्रासाठीही प्रोग्राम कार्डांवरच छिद्रे पाडून तयार होत. गठ्ठा हातातून सुटला की ओळींचा क्रम गेलाच. म्हणून फोरट्रानच्या कार्डावर ७३ ते ८० हे रकाने क्रमांकासाठी राखून ठेवलेले असत. क्रमांक टाकायचा कंटाळा असणारे गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर शाईने तिरपी रेघ ओढत; रेघ तुटलेली दिसली की कार्ड कुठे चुकले ते कळे. क्रमाची एवढी काळजी, पण जुना मजकूर जपण्याची काहीच सोय नव्हती. दुरुस्ती करायची म्हणजे जुने कार्ड काढून नवे घालायचे. काढलेल्या कार्डावर काय होते, हे ज्याने ते काढले त्याच्या आठवणीवर सोडलेले.

ही सोय पहिल्यांदा नीट लावली ती अमेरिकेतील बेल लॅब्जमधल्या मार्क रॉचकाइंड यांनी. त्यांची सोर्स कोड कंट्रोल सिस्टीम, म्हणजे एससीसीएस, १९७२ मध्ये आयबीएमच्या मोठ्या संगणकासाठी तयार झाली आणि पुढे युनिक्सवर आली. प्रत्येक आवृत्ती संपूर्ण साठवणे त्या काळच्या महाग डिस्कला परवडणारे नव्हते. त्यामुळे सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलमध्ये एकत्र गुंफलेल्या असत आणि कोणती ओळ कोणत्या बदलात आली व कोणत्या बदलात गेली, याची खूण सोबत असे. बदल नोंदवताना ही प्रणाली कारणही विचारी. कोणी आणि केव्हा हे संगणक स्वतः लिहू शकतो. का, हे माणसालाच लिहावे लागते. आजही याच जागी सर्वाधिक आळस होतो आणि ‘दुरुस्ती केली’ एवढ्या दोन शब्दांवर काम भागवले जाते.

पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीएस ही प्रणाली आणली. बहुतेकांना बहुतेक वेळा ताजीच आवृत्ती हवी असते, हे साधे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. म्हणून ताजी आवृत्ती अख्खी ठेवायची आणि तिच्यावरून मागे मागे जाण्याचे फरक तेवढे नोंदवायचे.

दोन्ही प्रणालींचा भर कुलपावर होता. एकाने फाइल बदलण्यासाठी घेतली की ती परत येईपर्यंत इतरांनी थांबायचे. कागदावर हे निर्दोष होते. पण कुलूप लावून माणूस रजेवर गेला की काम अडे. मग कोणी आपल्यापुरती वेगळी प्रत करून त्यात गुपचूप बदल करी आणि नंतर ती मूळ फाइलवर चढवून मधल्या काळात दुसऱ्याने केलेले काम पुसून टाकी. ज्या चुकीसाठी कुलूप आणले, तीच कुलपामुळे घडे. आरसीएसमध्ये दुसऱ्याचे कुलूप तोडता येई. मात्र तोडणाऱ्याला कारण लिहावे लागे आणि ते कुलूपवाल्याला मेलने जाई. संगणकाने घालून दिलेला हा शिष्टाचार मोठा मजेशीर आहे.

कुलपाची सक्ती सुटली ती अ‍ॅम्स्टरडॅममध्ये. तिथल्या फ्राये विद्यापीठात डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी एका कम्पायलरवर काम करत होते आणि तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. ग्रून यांनी आरसीएसवर बेतलेल्या स्क्रिप्ट लिहिल्या आणि १९८६ मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. हीच सीव्हीएस या प्रणालीची सुरुवात. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने लिहायला घेतली. सगळ्यांनी एकाच वेळी बदल करावेत आणि ते मागाहून एकत्र करावेत, अशी ही पद्धत. एकाच ठिकाणच्या ओळी दोघांनी बदलल्या असतील तरच ती अडते. यात एक फसगत दडलेली आहे. एकाने फंक्शनला नवा पॅरामीटर जोडला आणि दुसऱ्याने भलत्याच फाइलमधून ते फंक्शन जुन्या पद्धतीने वापरले, तर मर्ज, म्हणजे बदल एकत्र करणे, बिनतक्रार होतो आणि प्रोग्राम मोडतो. सीव्हीएसला ओळी कळतात, अर्थ कळत नाही. शिवाय तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद वेगळी होई, त्यामुळे मध्येच संपर्क तुटला की अर्धा बदल आत आणि अर्धा बाहेर राही. २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेल्या सबव्हर्जनने हा दोष काढला.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, २००२ पासून बिटकीपर या व्यापारी प्रणालीत ठेवले जात होते. सीव्हीएस वापरणाऱ्यांसाठी त्याची एक प्रत वेगळी असे. नोव्हेंबर २००३ मध्ये त्या प्रतीत एक बदल सापडला, ज्याची मूळ बिटकीपरमध्ये नोंदच नव्हती. वरवर पाहता तो वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, एवढेच तपासत होता. पण तिथे तुलनेच्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच होते. सी भाषेत त्याचा अर्थ ‘शून्य आहे का’ असा नसून ‘शून्य कर’ असा होतो, आणि शून्य क्रमांक म्हणजे रूट, संगणकाचा सर्वाधिकारी. नवशिक्याची नेहमीची चूक वाटावी असे हे मागचे दार होते. ओळ वाचून ते चटकन लक्षात आले नसते. वंशावळीत जागा नसल्यामुळे ते पकडले गेले.

बिटकीपरची विनामूल्य परवानगी २००५ मध्ये काढून घेण्यात आली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्या प्रणालीशी संवाद साधणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहायला घेतला, हे त्या वादाचे निमित्त. त्याच वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी गिट ही नवी प्रणाली लिहायला घेतली. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच राहू लागला आणि जुलैत तिची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचे नाव तिच्या मजकुरावरून आणि तिच्या पूर्वजांच्या नावांवरून गणिताने ठरते. जुनी नोंद बदलली की तिच्यानंतरच्या सगळ्या नोंदींची नावे बदलतात, त्यामुळे इतिहासात गुपचूप भर घालणे अवघड झाले. संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असल्याने एकच मूळ प्रत सांभाळण्याची गरजही उरली नाही.

या चिवट स्मरणशक्तीने एक नवी चूक जन्माला घातली. कोडमध्ये चुकून पासवर्ड किंवा गुप्त किल्ली गेली आणि पुढच्या नोंदीत ती ओळ काढली, तरी जुन्या नोंदीत ती जशीच्या तशी राहते. इतिहास नव्याने लिहिला, तरी इतरांनी आधी घेतलेल्या प्रतींत ती उरतेच. अशा वेळी ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी लागते.