गच्चीवर उतरलेले सैन्य: एमआय-१७

१/ २८ नोव्हेंबर २००८ची सकाळ. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये दहशतवादी दबा धरून होते. भोवती चिंचोळ्या गल्ल्या. म्हणून वायुदलाचे एमआय-१७ गच्चीवर स्थिरावले आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून उतरले.

२/ या सामर्थ्याचे मूळ रचनेत आहे. जुन्या एमआय-४चे इंजिन नाकात होते. एमआय-८ने दोन टर्बाइन इंजिने छतावर नेली आणि खालचा कक्ष मोकळा झाला. एमआय-१७ ही त्याचीच बलवान आवृत्ती: २४ सैनिक किंवा ४ टन सामान.

३/ हेच यंत्र पुरात माणसे उचलते, डोंगरात रसद पोचवते. मात्र अधांतरी स्थिर हेलिकॉप्टर म्हणजे सोपे लक्ष्य. नरिमन हाउसच्या कारवाईत हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांना वीरमरण आले. यंत्र गच्चीपर्यंत नेते. पुढचे जिने माणसालाच उतरावे लागतात.