वेळापत्रक आणि दुखापत : एका कार्यकारणभावाचा शोध

२०१७ च्या ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन खुली टेनिस स्पर्धा सुरू झाली, तेव्हा एक विलक्षण योग जुळून आला होता. आदल्या वर्षअखेरीस जागतिक क्रमवारीत पहिल्या पाच स्थानांवर असलेले अँडी मरे, नोव्हाक जोकोविच, मिलोस राओनिच, स्टॅन वावरिंका आणि केई निशिकोरी हे पाचही पुरुष खेळाडू स्पर्धेत नव्हते. कुणाचा खुबा, कुणाचे कोपर, कुणाचा गुडघा, कुणाचे मनगट. जवळजवळ अकरा महिने चालणारे वेळापत्रक हेच याचे कारण, असा निर्वाळा तेव्हा अनेकांनी दिला आणि आजही तो दिला जातो.

साहित्येतिहास शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना अशा निर्वाळ्यांची थोडी धास्तीच वाटते. अमुक युद्ध झाले म्हणून तमुक वाङ्मयप्रवाह उगवला, अशी वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत वाचत आलो आहोत आणि, खरे सांगायचे तर, फळ्यावर लिहीतही आलो आहोत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर तेवढ्यावरून कावळ्याला दोषी धरता येत नाही. टेनिसच्या बाबतीत या कावळ्याचे वजन फांदी मोडण्याइतके आहे काय, हे इतिहासालाच विचारून पाहावे असे आम्ही ठरवले.

इतिहास पहिल्याच पानावर रूढ समजुतीला धक्का देतो. १९६८ पूर्वी व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डनसारख्या स्पर्धांचे दार बंद होते. ही मंडळी जुन्या नाटक कंपन्यांप्रमाणे गावोगाव फिरत, आज इथे तर उद्या तिथे सामने करीत. १९४९-५० च्या अशाच दौऱ्यात जॅक क्रेमरने पांचो गोन्झालेसला ९६ विरुद्ध २७ असे हरवले. म्हणजे एकाच प्रतिस्पर्ध्याशी १२३ सामने! अव्वल स्थानी पोहोचलेल्या मरेने २०१६ च्या अख्ख्या वर्षात एकेरीचे ८७ सामने खेळले होते. आणि हाच गोन्झालेस १९६९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विम्बल्डनवर चार्ली पासारेलविरुद्ध ११२ गेम्सचा सामना दोन दिवसांत खेळून जिंकला. त्या पिढीचा केन रोझवॉल १९७४ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम फेरीत होता. सामन्यांची संख्याच शरीर मोडत असती, तर ही माणसे कधीच संपायला हवी होती.

परंतु येथे इतिहासलेखनाचा एक जुना सापळा आहे. टिकून राहिलेल्यांचीच चरित्रे आपल्यासमोर असतात. तो दौरा जिंकणाऱ्या क्रेमरलाच पुढे पाठीच्या संधिवाताने खेळ आवरता घ्यावा लागला, आणि ज्याच्या गुणवत्तेविषयी जुने जाणकार आजही हळहळतात त्या लू होडची कारकीर्द पाठीच्या दुखण्याने पोखरली. गोन्झालेसचे दीर्घायुष्य हा नियम की अपवाद, हे एकट्या गोन्झालेसकडे पाहून ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सामना हे परिमाण दोन कालखंडांत सारखे नाही. १९७४ पर्यंत चार प्रमुख स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर होत. १९७८ मध्ये अमेरिकन स्पर्धा आणि १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा कठीण पृष्ठभागावर आली. हिरवळीवर पाय घसरतो आणि आघात काहीसा विरून जातो. कठीण कोर्टावर पाय जागच्या जागी रुततो आणि तो धक्का घोटा, गुडघा, खुबा यांना सोसावा लागतो. लाकडी रॅकेटी जाऊन ग्रॅफाइटच्या आल्या. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेनने पॉलिएस्टर तारांच्या रॅकेटने फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि चेंडूला प्रचंड फिरकी देत पूर्ण ताकदीने फटका मारणे ही सर्वांचीच सवय झाली. म्हणून १२३ आणि ८७ हे आकडे शेजारी मांडताना आम्ही स्वतःलाच बजावतो : ही तुलना अर्धी आहे. सामने कमी झाले, पण प्रत्येक फटक्याचे मोल शरीराला अधिक मोजावे लागू लागले.

वेळापत्रकाचा प्रश्न सक्तीचाही आहे. १९८२ मध्ये ब्योन बोर्गला कमी खेळायचे होते. पण वर्षाला किमान दहा स्पर्धांचे बंधन न स्वीकारल्यास पात्रता फेरीतून यावे लागेल, असे नियामकांनी त्याला सुनावले. अकरा प्रमुख विजेतेपदे मिळवलेला हा खेळाडू मॉन्टे कार्लोला खरोखरच पात्रता फेरी खेळला आणि जानेवारी १९८३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, निवृत्त झाला. त्याचा एकही सांधा निखळला नव्हता. जे थकले होते ते मन, आणि दुखापतींच्या कोणत्याच यादीत त्याला रकाना नसतो.

मग वेळापत्रकाविरुद्ध पुरावा आहे तरी कोणता? आम्हाला तीन प्रसंग बोलके वाटतात. किम क्लाइस्टर्सने २००३ मध्ये एकेरीचे १०२ सामने खेळले, शिवाय दुहेरीत फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले. २००४ मध्ये तिचे मनगट गेले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. मे २००६ मध्ये रोमच्या अंतिम सामन्यात नदाल आणि फेडरर पाच तासांहून अधिक काळ झुंजले. लगेच सुरू होणाऱ्या हॅम्बुर्गच्या स्पर्धेतून दोघांनीही माघार घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या श्रेणीच्या स्पर्धांचे पाच सेटचे अंतिम सामने बंद झाले. तिसरा प्रसंग उलट्या दिशेने साक्ष देतो. २०१६ च्या विम्बल्डननंतर फेडररने उरलेले वर्ष विश्रांती घेतली. पस्तिसाव्या वर्षी परतून त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, मग मातीवरचा हंगाम पूर्ण टाळला आणि एकही सेट न गमावता विम्बल्डन जिंकले. मात्र गंमत अशी, की त्या वर्षी त्याचा गुडघा दुखावला होता तो मुलींच्या आंघोळीची तयारी करताना! कारणमीमांसा करणाऱ्यांनी हा तपशील उशाशी ठेवावा.

आपल्या न्यायशास्त्रात घडा घडण्याची कारणे सांगताना माती निराळी आणि कुंभाराचा दंड, चाक ही निमित्ते निराळी धरली जातात. त्या भाषेत बोलायचे तर दुखापतीची माती म्हणजे फटक्यांचा आघात, कोर्टाचा पृष्ठभाग, जन्मजात शरीररचना. वेळापत्रक हे निमित्तकारण. ते सांधा मोडत नाही. मोडू लागलेला सांधा भरून यायला लागणारे आठवडे ते काढून घेते. आमच्या मते या वादाचे उत्तर इथवरच जाते.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कार्लोस अल्कराझने वेळापत्रकाविरुद्ध कडक शब्दांत तक्रार केली आणि ऑक्टोबरमध्ये तो रियाधच्या गडगंज बक्षिसाच्या प्रदर्शनीय स्पर्धेत खेळला. विश्रांती हवी की पैसा, असे कुणी विचारले तर ते गैर नाही. पण या प्रश्नाने नजर शिखरावरच खिळते. क्रमवारीत दीडशेव्या जागी असलेल्या खेळाडूला वेतन नसते. मिळकत मुख्यतः खेळण्यावरच अवलंबून, आणि कमावलेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. फेडररला सहा महिने थांबणे परवडले. त्या खेळाडूला सहा आठवडे थांबणे म्हणजे पुन्हा पात्रता फेरी, पुन्हा तळापासून सुरुवात. तो वेदनाशामक घेऊन खेळतो आणि त्याच्या गुडघ्याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

पुण्याच्या बालेवाडीत २०१९ च्या हंगामाची महाराष्ट्र ओपन झाली. तिच्या मुख्य फेरीचे सामने सुरू झाले ३१ डिसेंबर २०१८ रोजी. नव्या वर्षाचा हंगाम जुने वर्ष संपायच्या आत सुरू झाला होता, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटले नव्हते. अंतिम फेरीत एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच केव्हिन अँडरसनशी तीन टायब्रेकपर्यंत झुंजून हरला. त्याची उंच, दणदणीत सर्व्हिस पाहता लांबलचक रॅली त्याला क्वचितच खेळाव्या लागत. गोन्झालेसची परंपरा अशी अधूनमधून डोके वर काढते. आम्ही अशांचेच दाखले देतो, कारण ते दिसतात. एखाद्या हंगामाचा खरा हिशेब मात्र त्या आठवड्यात जे बालेवाडीला पोहोचूच शकले नाहीत, त्यांच्यापाशी असतो.